गटाराच्या ब्याण्णव पाळ्या

पवित्र गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. चॅपलमध्ये विद्यार्थी एकेचाळीस, शिक्षक सहा, पुण्याहून आणि परदेशातून आलेले पाहुणे अकरा. पुढे बारा खुर्च्या. अकराव्या खुर्चीवर मी.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्या बायबल शाळेत दर वर्षी या दिवशी प्राचार्य बारा विद्यार्थ्यांचे पाय धुतात. पितळी घंगाळ, तांब्या, पांढरा टॉवेल. ते गुडघ्यावर बसतात. पाहुणे फोटो काढतात.

दहा जणांचे झाले. माझ्यापुढे आले. तांब्या उचलला आणि थांबले. माझ्या पायांना गटाराचा गाळ होता. नखांत, टाचांच्या भेगांत. घोट्याच्या वर वाळून करडा पडलेला. वासही असणार.

ते हळूच बोलले, पण माइक कॉलरलाच लावलेला होता.

"ब्रदर, हे काय घेऊन आलात?"

"सर, ड्यूटीवरून आलो. सव्वासहाला सुटलो."

"मग धुवून यायचं ना. बाकीच्यांना कळतं, तुम्हाला का कळत नाही?"

मागं कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. मी उठलो. चॅपलच्या मागच्या नळावर माझे पाय मी धुतले. कपड्याच्या साबणानं, दोनदा. परत आलो तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बसला होता आणि त्याचे पाय पुसून होत आले होते. पुढची स्तुतिगीतं मी दाराशी उभं राहून म्हटली. चपला हातात होत्या. खाली ठेवायचंही सुचलं नाही.

नंतर कळलं. निवडलेले बारा जण दुपारीच पाय घासून, टाचांना तेल लावून तयार असतात. दर वर्षी. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी शास्त्रात वाचलं होतं तेच धरून बसलो. तिथले शिष्य रस्त्यानं चालत आले होते. धुळीचे पाय होते, म्हणून धुतले होते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक व्हायला निघालेल्या माणसाला एवढं कळलं नाही.

पिरंगुटच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअरकीपर होतो. कारखाना बंद झाला तेव्हा जे हातात आलं त्यातून तीन वर्षांची फी भरली. शाळा मुठा खोऱ्यात, डोंगराच्या पोटाला. एसटी दिवसातून दोनदा. फाटक रात्री नऊला बंद. बाहेर जायचं तर पास लागतो, पासवर वॉर्डनची सही. विवाहित विद्यार्थ्यांना एक खोली मिळते. माझी बायको शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, तीही सेवाच. मुलगी दहावीला. आमचं जे काही होतं ते सगळं त्या फाटकाच्या आत होतं.

रोज चार ते सहा सेवातास. कुणी बाग, कुणी ग्रंथालय, कुणी चॅपल झाडतं. सोमवारी फळ्यावर नावं लागतात. सगळ्यात शेवटची ओळ 'गटार व संडास' अशी. स्टोअरमध्ये जे दिसेल ते टिपून ठेवायची सवय लागलेली. मी दर सोमवारी फळा डायरीत उतरवायचो. हेतू काही नव्हता. सवय.

त्या गुरुवारी रात्री डायरी काढली आणि बेरीज केली. तीन वर्षांत शाळा भरलेले आठवडे ब्याण्णव. गटाराच्या पाळ्या ब्याण्णव. त्यातल्या एकोणऐंशी आम्हा तिघांना. माझ्या एकट्याच्या एकतीस. आम्ही तिघे तीन जिल्ह्यांतले, पण आमची आडनावं गावाच्या एकाच बाजूची. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तरी आडनाव तेच राहिलं.

उरल्या तेरा. त्या इतरांना. कोण उशिरा आला, कोण मोबाइल लपवताना सापडला. तेराच्या तेरा शिक्षेच्या होत्या.

मी पुन्हा मोजलं. तेराच.

ईस्टरनंतर शेवटची परीक्षा. विषय 'सेवकाई आणि आज्ञापालन'. चौथा प्रश्न होता: पाय धुण्याच्या उताऱ्यावरून मंडळीच्या पुढाऱ्याचं कर्तव्य स्पष्ट करा, गुण वीस. हा विषय प्राचार्यच शिकवायचे. चांगले शिकवायचे. शास्त्र जे म्हणतं ते करा, त्यात आपलं घालू नका, त्यातलं काढू नका, हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यांचे पणजोबा मोठ्या घरातून ख्रिस्ती झाले, हेही ते दर सत्रात एकदा सांगायचे. आम्ही ऐकून घ्यायचो.

मी उत्तर दीड पान लिहिलं. उतारा काय म्हणतो ते लिहिलं. मग आमच्याकडे काय होतं ते लिहिलं. ब्याण्णव, एकोणऐंशी, तेरा. वाईट शब्द एकही नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. प्राचार्यांनी पेपर टेबलावर ठेवला होता.

"तुम्हाला उपदेश करायचाय की हिशेब?"

"सर, प्रश्नाचं उत्तर लिहिलं."

"पुढाऱ्यांच्या अधीन राहा, हे शास्त्रात आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तीन वाक्यं. माझ्या लिहिण्यातून उद्धटपणा झाला. वडीलधाऱ्यांचं मन दुखावलं. मी दिलेले आकडे खोटे आहेत. हा कागद सोमवारी सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर वाचायचा आणि सही करायची. नाही तर डिप्लोमा नाही, आणि डिप्लोमा नसलेल्याला कुठलीच मंडळी पाळक म्हणून घेत नाही. खोलीही आठ दिवसांत सोडायची.

खोलीवर येऊन बायकोला कागद दाखवला. तिनं उभ्यानंच वाचला.

"वाचा की. दोन मिनिटांचं काम हाय."

"तिसरं वाक्य खोटं आहे."

"अहो, त्या गुरुवारी समद्यांसमोर उठवलं तवा गप बसला. आता कुटनं जोर आला? वय काय तुमचं? कोण घेणार हाय कामाला? सामान कुटं न्यायचं, डोंगरावर?"

तिचं काही चुकत नव्हतं.

आम्हा तिघांतल्या उरलेल्या दोघांपैकी एकाला गाठलं. लातूरकडचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याला डायरी दाखवली. त्याच्या पाळ्या सव्वीस. त्यानं पान पाहिलं आणि फाटकाकडे पाहिलं.

"दादा, खरं आहे. पण माझं नाव घेऊ नका. आईला सांगितलंय, जूनमध्ये पाळक होऊन येतो."

शनिवार, रविवार मी तो कागद पाठ करत होतो. पहिली दोन वाक्यं जमली. उद्धट म्हणा, मन दुखावलं म्हणा, मी मान खाली घालायला तयार होतो. आयुष्यभर घातलीच होती. तिसऱ्याशी आलो की जीभ अडायची. मंडळीपुढे उभं राहून, खऱ्याला खोटं म्हणून सही करायची. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा मी मुलीकडून पाचव्या वर्षी पाठ करून घेतली होती. शास्त्र पाळण्याच्या नावाखाली मला शास्त्र मोडायला सांगत होते, आणि सांगणारा शास्त्र शिकवणारा होता.

सोमवारी सकाळी सात. सगळे बसलेले. मी पुढे गेलो. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. थांबलो.

"पुढं वाचा," प्राचार्य म्हणाले.

"सर, हे वाचणार नाही. आकडे खरे आहेत. डायरी खिशात आहे, कुणीही बघावी."

ते शांतपणे लातूरच्या मुलाकडे वळले. "तुम्हाला काही त्रास आहे का, ब्रदर?"

तो उभा राहिला. "नाही सर."

"बसा. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "त्यांना विचारू नका. त्यांना इथून डिप्लोमा घ्यायचा आहे. मला विचारा. मी तीन वर्षं तुमच्याकडूनच शिकलो, शास्त्रात आपलं घालायचं नाही. या कागदात तुमचं आहे."

कागद त्यांना परत दिला. सही केली नाही.

आठ दिवस दिले होते, आम्ही पाचव्या दिवशी निघालो. ऑफिसात खोलीच्या दोन किल्ल्या जमा केल्या, ग्रंथालयाची चार पुस्तकं जमा केली. कारकुनानं एक छापील कागद पुढे केला. संस्थेविरुद्ध तक्रार नाही, अशी सही दिली तर निदान तीन वर्षं शिकल्याचा दाखला मिळेल. मी तो सही न करता परत दिला. टेम्पोत बायको पुढे बसली. मी आणि मुलगी मागं, सामानाशेजारी.

आता पिरंगुटजवळ चांदे गावात एक खोली भाड्यानं घेतली आहे. रात्रपाळीला एका गोदामावर नोंदी करतो. बायको अजून म्हणते, "वाचलं असतं तर आज मंडळीच्या बंगल्यात असतो." असतो. ते मी नाकारत नाही. मला पाळक कुणी म्हणणार नाही, हेही ठरून गेलं आहे.

शाळेचे विश्वस्त सात आहेत. सातही जणांना मी पत्र लिहिलं. खाली स्वतःचं नाव, सही, पत्ता. सोबत डायरीतल्या ब्याण्णव सोमवारांची नक्कल, माझ्या अक्षरात. बाकी दोघांची नावं झाकून. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवीन. त्याच्या पुढच्या महिन्यातही. फळ्यावरची ती शेवटची ओळ सगळ्या आडनावांना लागेपर्यंत पाठवीन.

पहिल्या सात पाकिटांचे, स्पीड पोस्टानं, दोनशे एकोणनव्वद रुपये झाले. पौडच्या टपाल कार्यालयात रोख भरले. सात पावत्या घेतल्या.