नाल्यात लोटलेली भिंत

पूर ओसरल्यावर आम्ही आठ जण नेरहून नाल्याकाठच्या एका तांड्यात मदतीला गेलो. मी शाळामास्तर, पसारा दिसला की हात शिवशिवतात. माझ्या वाट्याला एका एकट्या बंजारा आजीचं मातीचं घर आलं. तीन भिंती शाबूत, चौथी आडवी.

आजी पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे गेली होती. ती यायच्या आत घर चकाचक करायचं म्हणून मी कंबर कसली. ट्रॉली मागवली, दुपारपर्यंत सगळा ढिगारा नाल्याच्या काठावर ओतला. वर त्याचा फोटोही काढला. स्वतःवर भलताच खूश होतो.

आजी आली आणि दारातच थबकली.

"गुरुजी, माह्यी भित कुठी नेली?"

"पडली ना आजी ती."

"पडली त भिजवून परत उभी करतेत. माती काहून फेकली?"

सिमेंटच्या विटा आणून देतो म्हटलं. तिनं ऐकूनच घेतलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं पांढरी माती आणून, गव्हाचं कुटार म्हणजे भुसा घालून, पायांनी तुडवून ती भिंत घातली होती. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्याचा फोटोही नव्हता.

"त्यायनं तुडवलेली माती व्हती," एवढंच म्हणाली आणि ओल्या जमिनीवर बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही नाल्याकडे धावलो. काठाखालची माती वाहून गेली होती. वरची उरली तेवढी घमेल्यांनी परत आणली. ती जेमतेम अर्ध्या भिंतीपुरती होती. बाकीची नवी आणली. आजीनं दोन्हींचे ढीग वेगळे ठेवायला लावले. मग मला म्हणाली, "तुमीच फेकली, आता तुमीच तुडवा."

पँट दुमडून मी चिखलात उतरलो. "शाळेत पोरायले असंच हळूहळू शिकवता काय?" असं ती खाटेवरून विचारत होती. थर वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही, म्हणून पुढं कितीतरी रविवार मी तांड्यात गेलो. पोटऱ्या दुखायच्या. बायको म्हणायची, एवढी कसरत घरी कधी केली नाही.

शेवटचा थर बसला त्या दिवशी आजीनं जुन्या मातीवर हात ठेवला, मग तोच हात वर, नव्या मातीवर नेला.

"खाली ते हायेत, वर तुमी," ती म्हणाली. "आता पडली त मी कोनाले फेकू देत नाही."