चूक वसुधाताईंची नव्हती

डॉ. वसुधाताई केळशीकर यांची माझी पहिली भेट जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या स्टेशनवर झाली. मी पुण्याहून त्यांच्याकडे डॉक्टरेट करायला आलो होतो आणि राहायला जागा नव्हती. "घरी चल," म्हणून त्यांनी मला दोन महिने आपल्या अभ्यासिकेत ठेवले, आनमेल्डुंगच्या, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवायच्या, रांगेतही सोबत उभ्या राहिल्या. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात असे अनुभव बरेच जण सांगतील. मला सांगायचे आहे ते गौरवग्रंथात शोभणारे नाही.

ताईंचे आयुष्य एका झाडापायी गेले. एल्म म्हणजे आपल्या वावळाचा युरोपातला नातेवाईक. सालीतल्या भुंगेऱ्यांबरोबर येणारी एक बुरशी त्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते आणि भर उन्हाळ्यात झाड उभ्या उभ्या वाळते. या रोगाला पुरून उरणारे वाण ताईंना हवे होते. त्यासाठी आपणच वाढवलेल्या रोपांना मेअखेरीस सुईने तीच बुरशी टोचायची आणि कोणती जगतात ते बघायचे. हे काम त्या कुणावर सोपवत नसत. "वाढवलं आपण, तर टोचायचंही आपणच," म्हणत. ढिगाने रोपे मेली. 'जान्हवी' असे नाव दिलेले एक वाण तेवढे टिकले.

त्याच्या शेवटच्या चाचणीच्या वर्षी ताईंचे हृदयाचे ऑपरेशन ठरले. नाइलाजाने टोचणी माझ्याकडे आली. मी तेव्हा बहिणीच्या लग्नाला निघालो होतो. "वेळेवर परत ये रे बाबा," एवढेच त्या म्हणाल्या. पुण्यात लग्न आटोपताच आईने माझ्यासाठी मुली बघायचा घाट घातला, आणि मीही खुशीत तिकीट पुढे ढकलत राहिलो. टोचणी जुलैत झाली. तोवर नवे लाकूड घट्ट होते, बुरशी आत पसरत नाही आणि नाजूक झाडही तगते. हे मला पक्के माहीत होते. तरी नोंदवहीत मी मेची तारीख लिहिली. जान्हवी उत्तीर्ण झाली, आणि पुढे मीही.

फ्रँकफर्टजवळच्या एका गावाने वृद्धाश्रमासमोरचा सगळा रस्ता जान्हवीने भरून टाकला. काही वर्षांनी एका जूनमध्ये शेंडे पिवळे पडले. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपे ती, सगळी एकदमच गेली. गावाच्या सभेत आश्रमातल्या एक आजी म्हणाल्या, "ही झाडं आमच्यामागे राहतील, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

ताई उभ्या राहिल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर. मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. गप्प बसलो. झाडे तोडली, साली जाळल्या, ताई दोन्ही दिवस तिथे थांबल्या. त्यानंतर त्यांनी काम बंद केले. एवढ्या मोठ्या माणसाचे असे होताना बघून मला लाज वाटत होती, पण तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मात्र एक ओळ लिहवेना. मी ताईंकडे जाऊन सगळे सांगितले.

"जुलै?" त्यांनी विचारले.

"हो. दुसरा आठवडा."

मग त्या चिडून म्हणाल्या, "अरे, झाड पारखायची माझी नजर गेली असं समजून मी पाच वर्षं हातावर हात ठेवून बसले! आल्झो, तर मग हे सगळं लिही. आहे तसं. माझ्या वाढदिवसाच्या पुस्तकातच लिही."

"ताई, मला माफ कराल?"

"ते नंतर बघू. आधी बी मिळव."

यंदा त्यांच्या बाल्कनीत एल्मची नवी रोपे आली आहेत. त्यांच्यातले एखादे खरोखर टिकते का, हे कळायला पंधरा वर्षे तरी जातील. माफीचा विचार निकालानंतर करू, असे त्यांनी मला बजावले आहे. ताईंची प्रकृती ठणठणीत राहो. तो निकाल त्यांनी स्वतः बघावा, आणि मग मला माफ करायचे की नाही, ते सावकाश ठरवावे.