जिवंत बाईचं पान

माझ्या नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे — हे एक सोडून. आईला सांगणार होते, तिच्या शेवटच्या आजारपणात दोनदा तोंडापर्यंत आलंही होतं, पण मी विषय बदलला. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजूनही वळत नाही.

मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू. करत होते. वडील रेल्वेत, आम्ही सिकंदराबादजवळ तारनाक्याला राहायचो. गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या, माझ्या बरोबरीची सगळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होती, आणि काका दर भेटीत विचारायचा — लोकांचं भलं करायला डिग्री कशाला लागते गं? मला लागत होती. मला चांगली बाई व्हायचं होतं — रीतसर, शिकून. हसू येतं ना? मलाही येतं, पण उशिरा.

फील्डवर्कसाठी मला एका आश्रयगृहात घातलं. वेड्यांच्या इस्पितळातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या, पण न्यायला कुणीच न आलेल्या बायका तिथं राहायच्या. बहुतेकींचं बोलणं तेलुगू नाहीतर उर्दू. एक बाई मात्र गप्पच असायची. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. सरूबाई. पहिल्या दिवशी मी मराठीत नाव विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं चुकलं काहीतरी. मग तिनं हात पुढं करून माझ्या हनुवटीला बोट लावलं — माणूस खरं आहे की नाही, हे बघतात तसं.

ती वेडी नव्हती. हे मी तेव्हाही जाणून होते, म्हणून आधीच सांगून ठेवते. दुसरं बाळ जन्मताच गेलं, त्यानंतर तिचं डोकं फिरलं होतं, नवऱ्यानं इस्पितळात आणून सोडलं होतं. पुढं ती बरी झाली. घरची खूण तिला पाठ होती — सिकंदराबादेत, मोंढा मार्केटच्या मागं, पिठाच्या गिरणीवरचा मजला. थोरली मुलगी सुलभा. आईला इस्पितळात सोडलं तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती. कॉलेजातल्या माझ्या मॅडमनी सांगितलं, जा, घर शोध, कुटुंबाची तयारी बघ. असं पाठवणं म्हणजे आमच्यात मोठा विश्वास असायचा. मी नवी साडी नेसून गेले.

गिरणी सापडली. जिना चढताना वरून वड्यांच्या तळणीचा वास येत होता. दार माझ्याच वयाच्या मुलीनं उघडलं. तोंडावर पिठाचा हलका थर, डोळे रडून सुजलेले. मी काही बोलायच्या आत तिनं मला मराठी वळणाची पाहून आत ओढलं. आज अविधवा नवमी, म्हणाली, आईचं पान आहे, आणि अशा दिवशी दारात आलेलं माणूस उपाशी जाऊ द्यायचं नसतं. नक्को म्हणू नका.

आईचं पान.

समोरच्या भिंतीवर सरूबाईचा फोटो होता. तरुण, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटोला ताज्या शेवंतीचा हार. मी सकाळीच तिला बघून आले होते — खाटेवर बसून केस विंचरत होती. तिची हनुवटी, तिचाच उजवीकडे झुकलेला डोळा. तेव्हाच बोलायला हवं होतं की नाही? दारातच? पण तुम्ही सांगा, सुरुवात कुठून करायची असते?

सुलभा मला गच्चीवर घेऊन गेली. कठड्यावर केळीच्या पानावर खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं थोडं थोडं. कावळे समोरच्या तारेवर रांगेनं बसले होते आणि एकही खाली येत नव्हता. दर वर्षी असंच होतं, ती म्हणाली. आजवर एकदाही शिवला नाही. वाट बघून शेवटी पान गाईला घालतात. "आईचं काहीतरी राहिलंय," ती म्हणाली. "मी रात्री दिवा लावून झोपते. कुणीतरी घराचा रस्ता विचारत फिरतंय असं वाटतं."

मी तिच्याकडे पाहत उभी होते आणि मागं पंखांचा आवाज झाला. एक कावळा कठड्यावर उतरला. त्यानं माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं — पानाकडे नाही, माझ्याकडे — आणि वड्याला चोच लावली.

सुलभा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आनंदानं. माझा पदर घट्ट धरून. तुमच्या पायगुणानं, म्हणाली. खाली आणून तिनं मला पाटावर बसवलं, आईसाठी म्हणून वाढलेलं घरातलं पान माझ्यापुढं ठेवलं, आणि मी जेवले. काय सांगू — खीर फार सुरेख झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. भिंतीवरून सरूबाई बघत होती.

कॉलेजतर्फे सर्व्हेला आले होते, असं मी सुलभाला सांगितलं. मी जेवत असताना तिचे वडील आले. शांत गृहस्थ, इलेक्ट्रिकचं दुकान. मला सोडायला ते जिन्याखाली आले, तेव्हा गिरणीच्या घरघरीत मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. पिठानं पांढरी झालेली पायरी पायानं झाडली. मग विचारलं, "जेवते का नीट?" मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "सुलभाचं लग्न ठरलंय. आई वेडी होती हे कळलं तर मोडेल. एवढं पार पडू द्या. मग मी स्वतः येतो न्यायला."

मी मान डोलावली. विचार केला म्हणून नाही. मला तिथून निघायचं होतं म्हणून.

आश्रयगृहात परतले तेव्हा दुपार कलत होती. तिथल्या आया, फातिमा आपा, व्हरांड्यात सरूबाईचं ताट झाकून घेऊन बसल्या होत्या. दोन घास तरी खा म्हणून त्यांनी विनवलं होतं, पण बाईनं ताटाला हात लावला नव्हता. "नक्को बोली," आपा म्हणाल्या. "घर में खाके आई कते." घरी जेवून आले, म्हणते.

मी आत गेले. सरूबाई भिंतीला टेकून बसली होती, तृप्त, जेवून उठलेल्या माणसासारखी. माझ्याकडे बघून हसली. "खीर चांगली झाली व्हती गं," म्हणाली.

तुम्ही म्हणाल, दिवस तिच्या लक्षात असेल, मनाचे खेळ असतात. मीही स्वतःला हेच सांगितलं, मानसशास्त्राच्या तासाला शिकवतात तसल्या शब्दांत. पण त्या खोलीत माझ्या अंगावर जो काटा आला, तो त्या शब्दांनी गेला नाही. त्या दिवसापासून मी तिला भ्यायला लागले. जिवंत, साध्या, हसणाऱ्या बाईला.

मॅडमना मी सांगितलं की गिरणी बंद पडली आहे, कुटुंब कुठं गेलं कुणाला माहीत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं होतं, म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस. सरूबाईलाही मी तेच सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "गिरणीबी?" मी म्हटलं, गिरणीपण.

हेच ते, असं तुम्हाला वाटलं असेल. हे नाही. इतकं असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते. वय लहान होतं, मुलीचं लग्न मोडलं असतं — लोकांनी समजून घेतलं असतं मला. पुढचं कुणी समजून घेऊ नये.

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. सुलभाचे वडील कधी आले नाहीत. मी त्यांना विचारलं नाही. मला पहिला वर्ग मिळाला, परदेशी पैशावर चालणाऱ्या एका नव्या संस्थेत नोकरी मिळाली, पुढं मी या विषयावर मुलामुलींना शिकवलंसुद्धा. सरूबाई त्या आश्रयगृहातच वारली. मला कळवलं होतं. मी कामाचं निमित्त सांगून गेले नाही. सुलभा सुखात आहे, मुलंबाळं आहेत, अजून सणावारी माझी चौकशी करते. तिला काहीच माहीत नाही.

आता ते.

मार्गशीर्षात सुलभाचं लग्न झालं. पायगुणाची मैत्रीण म्हणून ती स्वतः तारनाक्याला येऊन कुंकू लावून बोलावून गेली होती. मी गेले. नामपल्लीचा एक फंक्शन हॉल, सनई, रोषणाई, व्हिडिओवाला. मांडवात चौरंगावर तोच फोटो ठेवला होता. नवरानवरी वाकली, तेव्हा सुलभानं मला जवळ बोलावलं. तिचे वडील शेजारी उभे होते, त्यांनी नजर खाली घातली. मी त्या फोटोपुढं हात जोडले. डोळे मिटून. लोकांना वाटलं असेल, किती जीव आहे हिचा.

निघताना सुलभानं बुंदीचे लाडू बांधून दिले. आणि दुसऱ्या दिवशी मी ते सरूबाईकडे घेऊन गेले. का गेले? याला मी फार छान छान उत्तरं शोधली आहेत — तिच्या लेकीच्या लग्नाचं तिच्या तोंडी लागावं वगैरे. खरं म्हणजे मला बघायचं होतं. तिला कळतं का, हे बघायचं होतं. खीर कळली तशी.

ती उन्हात बसली होती. मी पुडा सोडला. तिनं एक लाडू हातावर घेतला, वास घेतला, आणि विचारलं, "कुणाचं लगीन?"

"मैत्रिणीचं," मी म्हटलं.

तिनं लाडू फोडला, पण खाल्ला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. तिच्या मागं पाठ फिरवून कुणीतरी झोपलं होतं, नळ गळत होता, आणि मला ठाऊक होतं की ती आता काय विचारणार. पळून जायला वेळ होता. खरं सांगायलाही होता.

"आई हाय का तिला?"

"नाही," मी म्हणाले.

सरूबाईनं मान हलवली, सावकाश, जसं काही तिला एवढंच नक्की करून घ्यायचं होतं. "मग तू व्हतीस तिथं, बरं झालं," ती म्हणाली, आणि अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवून उरलेला खायला लागली.

मी माझा अर्धा खाल्ला.