पुणे–नागपूर, एका लेबलावाचून

नागपूरहून मावसबहिणीचा, सुजाताचा, फोन आला. "दादा, आईनं दोन दिवसांपासून काही खाल्लं नाही. मावशीला लवकर घेऊन ये." तिची आई आणि माझी आई, भावंडांत या दोघीच उरलेल्या. माझी आई खडकीला असते. फुफ्फुसं थकल्यानं ऑक्सिजनचं बॅटरीवरचं यंत्र तिच्यासोबत सतत असतं. रस्त्यानं बारा तास तिला झेपणार नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाची तिकिटं काढली.

लोहगाव विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅटरी उलटसुलट करून पाहिली.

"सर, याची क्षमता कुठे लिहिली आहे?"

"लेबल होतं."

"होतं. आता?"

आता नव्हतं. कंपनीची बॅटरी महाग म्हणून मी बुधवार पेठेत आतले सेल बदलून, वर निळं प्लास्टिक चढवून आणलं होतं. ही हुशारी ऑफिसात चार जणांना ऐकवलीही होती. मी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "अहो, लिथियम पेटलं की सहज विझत नाही. गाडी कडेला घेता येते. विमान कुठे घेणार?"

"बरोबर बोलते ती," आई व्हीलचेअरवरून म्हणाली. "माझ्यापायी एवढी माणसं धोक्यात घालतो काय?"

विमान सोडून दिलं आणि दहाला गाडी काढली. यंत्र गाडीच्या सॉकेटवर चाललं. नगरच्या पुढे ढाब्यावर पिठलं-भाकरी बरी मिळते. आईनं दोनच घास खाल्ले. समृद्धी महामार्ग सुरेख आहे, पण सोयी तुरळक, पाणी सोबत ठेवा. जालन्याच्या पुढे सुजाताचा फोन आला. मावशी गेली होती. मी गाडी थांबवली.

"थांबू नको," आई म्हणाली. "चाल."

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना आणि अंत्यसंस्कार झाले. आईनं सुजाताला विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"काल सकाळी चांगली शुद्धीवर होती, मावशी. विमान कधी उतरते, हेच विचारत होती."

मला तिथेच रडू कोसळलं. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

असं यंत्र घेऊन निघणार असाल तर कंपनीचीच बॅटरी ठेवा, लेबल शाबूत हवं, विमान कंपनीला आधी कळवा, सुट्ट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घ्या. हे सगळं मी वाचलं होतं. वाटलं, चालून जाईल.

परवा नवी बॅटरी आणली. "आता तू कधीही विमानानं नागपूरला जाऊ शकतेस," मी म्हणालो. आईनं चष्मा लावून लेबल शेवटपर्यंत वाचलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण आता तिथं माझी वाट कोण पाहते, बाप्पा?"