बोगोया मिस्त्रीची पोती

"लाकूड ते लाकूड," बोगोया मिस्त्री म्हणायचा. ओक असो, पाइन असो, नाहीतर भुसा आणि गोंद दाबून केलेला बोर्ड असो, चुलीत गेलं की सगळ्यांची ऊब सारखीच, असं त्याचं म्हणणं. हे सांगताना तो अंगठ्याने मिशी सारखी करायचा, आणि मग समोरच्याने बोलायचं काही उरायचं नाही. चाळीस वर्षं ज्याने बितोला शहरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांतून कपाटं बसवली, त्याला लाकडातलं कोण शिकवणार?

त्याची गल्ली पेलिस्तर डोंगराच्या पायथ्याला चढत जाणारी. खाली कारखाना, वर घर. कपाटं कापून उरलेले बोर्डाचे तुकडे वर्षभर कोपऱ्यात साठत, आणि नोव्हेंबर लागला की मिस्त्री ते पोत्यांत भरी. तोंडाला स्वतःच्या पद्धतीची दुहेरी गाठ मारी. मग हातगाडीवर पोती रचून तो गल्लीतल्या पाच घरी ती पोचवून येई. पैसे कधी घेतले नाहीत. एक कॉफी, आणि बाईमाणसांचं "मिस्त्री, तुमच्या हातांना सोनं लागो" एवढं त्याला पुरायचं. खरं सांगायचं तर ते ऐकण्यासाठीच तो नोव्हेंबरची वाट बघायचा.

त्या पाचांतलं पहिलं घर पेत्कानाचं. तिचा नवरा तासे बावीस वर्षं मिस्त्रीच्या जोडीला एकाच बाकावर राबला आणि चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. माती देताना बोगोयाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तासेचं घर थंड पडू देणार नाही. ते त्याने पाळलं. पेत्काना एका खोलीत राहायची, लोकांचे पडदे शिवून पोट भरायची. तिला दमा होता. उन्हाळा सरताना माळावरचं तण फुलोऱ्यावर आलं की डोळे वाहायचे, नाक चोंदायचं, आणि रात्री तीन उशांना टेकून बसल्याबसल्याच झोप काढावी लागायची.

मागच्या ऑगस्टमध्ये स्वीडनला गेलेल्या तिच्या भाचीने एक मशीन पाठवलं. हवा शुद्ध करणारं. पिठाच्या डब्याएवढं, पांढरंशुभ्र, आणि पुढे एक बारीकसा दिवा. हवा चांगली असली की निळा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल. पेत्कानाने दारं-खिडक्या लावून ते रात्रंदिवस चालू ठेवलं, आणि सप्टेंबरात एका सकाळी ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली की काल मी आडवी झोपले. ह्या दिवसांत आडवी, चार वर्षांत पहिल्यांदा. बोगोयाने मशीनभोवती फिरून सांधे बघितले, टकटक केलं आणि म्हणाला, "पंख्याला कपाट केलंय. पण केलंय नीट."

थंडी आली. खिडक्यांच्या फटींत चिंध्या बसल्या, कारण आमच्याकडे माणूस धुराला भीत नाही तेवढा मानेवर येणाऱ्या वाऱ्याच्या झुळकीला भितो. लोखंडी चूल पेटली. आणि मशीनचा दिवा लाल झाला. सकाळी चूल पेटवली की लाल, दुपारी विझत आली की पिवळा, संध्याकाळी पुन्हा लाल आणि आतून घरघर.

डिसेंबरात संत निकोलाच्या सणाला पेत्कानाकडे गल्ली जेवायला जमली होती. मासा भाजायला तिने चुलीत दोन ओंजळी तुकडे जास्त टाकले तसं मशीन लाल होऊन गुरगुरायला लागलं. सोतिर, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, ग्लास हातात धरून म्हणाला, "बघा, पाहुणे आले म्हणून बिचारं लाजतंय." सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, त्याला मिस्त्रीचा चेहरा आवडला नसेल. मिस्त्रीही हसला. पेत्काना हसता हसता खोकली, आणि बराच वेळ खोकत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला मशीन बघायला बोलावलं. मिस्त्रीने पाठीमागचं झाकण काढलं आणि आतला फिल्टर ओढून बाहेर घेतला. घड्या घातलेल्या कागदासारखा तो पांढरा असायला हवा होता. तो काढ्याच्या रंगाचा झाला होता. मिस्त्रीने सवयीप्रमाणे तो नाकाशी नेला.

तो वास त्याच्या ओळखीचा होता. करवतीचं पातं बोथट होऊन तापलं की बोर्डाची कड जळायची, आणि त्यातल्या गोंदाचा असाच आंबट, घशात अडकणारा वास सुटायचा. तो सुटला की बोगोया करवत बंद करून अंगणात यायचा. तासे मात्र आतच थांबायचा, हातातलं काम संपवूनच बाहेर यायचा. तो विचार मिस्त्रीने पुरता केला नाही.

चुलीपाशी त्याचंच पोतं उभं होतं, तोंडाला त्याचीच दुहेरी गाठ. पेत्काना तबकात मुरंब्याची वाटी, चमचा आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली, घरी आलेल्या माणसाला देतात तसा.

"मिस्त्री, बिघडलंय का हो?"

दोन वाक्यांचं काम होतं. चुलीत हे घालू नकोस, आणि माझं चुकलं. एवढंच. पण त्या दोन वाक्यांच्या पलीकडे त्याला पाच घरं दिसली, नोव्हेंबर दिसले, हातगाडीवरची पोती दिसली, आणि माती देताना सगळ्यांसमोर काढलेला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"बिघडलंय," तो म्हणाला. "ह्याचा आतला डोळा गेलाय, उगाच लाल होतंय. बंदच ठेव. वीज तरी वाचेल."

तिने मान डोलावली. मिस्त्रीचा शब्द म्हणजे शब्द. मळका फिल्टर त्याने होता तसा आत सारला आणि झाकण लावलं. तिने मशीनवर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्यावर तासेचा फोटो ठेवला. मिस्त्रीने मुरंबा खाल्ला, ग्लासभर पाणी प्याला, तरी त्या गोंदाची चव तोंडातून जाईना.

त्यानंतर तो स्वतःची समजूत घालत राहिला. भर थंडीत तिने दुसरं लाकूड कुठून आणावं? हिवाळा सरू दे, मग सांगू. पुढचं पोतं भरताना त्याने वरच्या थराला पाइनचे चांगले तुकडे रचले, आणि खाली तेच. हे करताना त्याने कारखान्याचं दार आतून लावून घेतलं होतं. पोतं तिच्या दाराशी ठेवून तो कॉफीला न थांबता निघाला. पुढे तर तिच्या घरासमोरून जाताना तो गल्लीच्या पलीकडच्या कडेने चालू लागला. खोकला तिथेही ऐकू यायचा.

जानेवारीत धुकं उतरलं आणि आठवडाभर हललं नाही. सगळ्या धुराड्यांचा धूर गल्लीतच बसून राहिला. एका सकाळी पेत्कानाला श्वास पुरेना. ओठ निळे पडले. बोगोयाची बायको फानिया तिच्यासोबत रुग्णवाहिकेत बसून गेली. बोगोया अंगणात झाडू घेऊन उभा होता. बर्फ पडलेलं नव्हतं, तरी तो झाडत होता.

तिसऱ्या दिवशी दोघं संत्री घेऊन इस्पितळात गेली. पेत्काना उशांना टेकून बसली होती, पुन्हा तीन उशा. तेवढ्यात छातीची डॉक्टरीणबाई आली आणि तिने विचारलं, घरात जाळता काय?

पेत्कानाचा चेहरा उजळला. "लाकूड, डॉक्टर. चांगलं लाकूड. हे आमचे मिस्त्री देतात दरवर्षी. एक देनार घेत नाहीत."

डॉक्टरीणबाईने बोगोयाच्या हातांकडे बघितलं. "कसलं लाकूड?"

"लाकूड ते..." तो म्हणाला, आणि त्याने हात पाठीमागे घेतले.

पेत्कानाला दुसरीच काळजी होती. भाचीने पाठवलेलं मशीन बिघडलं, तर नवीन घ्यावं का? त्याचा खरंच उपयोग होतो का? डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत गेली. उपयोग होतो, पण आपल्या मापाचा. बंद खोलीतली धूळ, फुलोऱ्याचे कण, धुराचे बारीक कण ते ओढून घेतं, त्यामुळे काहींना आराम पडतो. फिल्टर मात्र वेळेवर बदलायला हवा. औषध सोडायचं नाही. आणि जळत्या गोंदातून निघणारे वायू ते पुरते अडवू शकत नाही. चूलच विष ओकत असेल तर शेजारी ठेवलेलं मशीन किती पुरं पडणार? आधी चुलीत काय जातं ते बघा, ती म्हणाली, मशीन त्याच्यानंतर. हे सांगताना ती बोगोयाकडे बघत नव्हती, आणि म्हणूनच त्याला मान वर करता आली नाही.

परत येताना द्रागोर नदीच्या पुलावर फानिया थांबली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

तो कठड्याला धरून उभा राहिला.

"कधीपासून?"

"निकोलाच्या सणापासून."

ती चालायला लागली, त्याच्या चार पावलं पुढे. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्या पुढे कधी चालली नव्हती. घरी पोचल्यावर तिने स्वतःच्या घरचे ओकचे ओंडके शेडमधून काढून अंगणात रचायला घेतले. कोणासाठी, ते त्याने विचारलं नाही.

शनिवारी पेत्काना घरी आली. बोगोया ओकचे ओंडके घेऊन तिच्या दारात गेला, ते चुलीपाशी ठेवले आणि टोपी काढून उभा राहिला. ती म्हणाली बसा. तो बसला नाही.

"मशीन चांगलं आहे, पेत्काना."

"दुरुस्त केलंत?"

"बिघडलंच नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. फिल्टरचा वास, पोती, वरचा पाइनचा थरसुद्धा. ती मांडीवरच्या पडद्याची शिवण बोटांनी चाचपत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने तासेच्या फोटोकडे बघितलं.

"तुकड्यांचं मी समजू शकते, मिस्त्री. इतकी वर्षं तुम्हालाही कळलं नसेल. पण बंद ठेव म्हणालात, ते का?"

"लाज वाटली."

"कोणाची? घरात मी एकटीच होते."

तिने उत्तराची वाट बघितली नाही. उठून तिने फोटो खिडकीत ठेवला, रुमालाची घडी केली आणि कपाटातून भाचीने सोबत पाठवलेला नवा फिल्टर काढून त्याच्या हातात दिला. एवढा बसवा, म्हणाली. ज्या हातांनी हजारो बिजागऱ्या बसवल्या, ते हात एका प्लॅस्टिकच्या खाचेशी अडखळले. चुलीत ओक जळत होतं. मशीन सुरू झालं. दिवा लाल झाला नाही, पण निळाही झाला नाही. पिवळाच राहिला, कारण बाहेर अख्खी गल्ली धुमसत होती. पेत्कानाने कॉफी ठेवली नाही. तासेच्या दारातून कॉफीवाचून परतायची बोगोयाची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी तो स्वतःच थांबला नव्हता.

तिच्या शेडमधली पोती त्याने हातगाडीवर चढवली आणि तो पुढच्या घरी गेला. मग त्याच्या पुढच्या. भर दुपार होती, माणसं दारांत होती.

"काय मिस्त्री," सोतिरने हाक मारली, "दिलेलं परत नेताय? घरी कमी पडलं की काय?"

दोघं-तिघं हसले. ओलं झालंय, किडलंय, असं काहीतरी सांगून सुटता आलं असतं. बोगोयाने गाडी टेकवली.

"हे जाळू नका. ह्यात गोंद आहे. पेत्काना ह्यानेच आजारी पडली. मला ठाऊक होतं, मी बोललो नाही."

सोतिर आत गेला, उरलेलं अर्धं पोतं घेऊन आला, गाडीवर टाकलं आणि हात पँटला पुसले. हातांना सोनं लागो असं कोणी म्हणालं नाही. एकेक घर करत गाडी भरत गेली, आणि बोगोया ती घेऊन उतरणीला लागला, रेल्वेरुळांपलीकडे नगरपालिकेचा कचरा जिथे घेतात तिकडे. उतारावर जड गाडी ओढ घेत होती. तो मागे रेलून, टाचा रोवत, एकेक पाऊल टाकत चालला होता. मिशी सारखी करायला हात मोकळा नव्हता.

पेत्काना खिडकीत उभी होती. काच बंद, पाठीमागे मशीनची घरघर. तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरायची, ती बाहीने पुसायची आणि पुन्हा बघायची. तिने हात हलवला नाही. पण गाडी पावाच्या दुकानापाशी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीतून हललीही नाही.