फर्स्ट फ्लोअरचा पाहुणा

आमच्या घराण्यात पाहुण्याला दोरखंडाने माडीवर ओढायची रीत नाही. तरीही एका अमेरिकन गृहस्थाला आम्ही ओढलं, आणि त्याला कारण माझं इंग्रजी!

तेव्हा मी कुंभकोणमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. (गावात तीनच माणसं बिनचूक इंग्रजी बोलतात, असं माझं मत होतं. उरलेली दोन कोण, ते मी ठरवलं नव्हतं.) थोरला भाऊ अण्णा दारासुरमच्या विणकरांचं रेशीम विकायचा. अमेरिकेचा एक मोठा कापडवाला दोरै (साहेबाला आमच्याकडे दोरैच म्हणतात) माग पाहायला येऊन आमच्याकडे उतरणार होता. माल पसंत पडला, तर विणकरांच्या अख्ख्या आळीला वर्षभराचं काम!

दोरैचं पत्र आलं. मी वाचून अर्थ सांगितला, "गुडघा फार दुखावला आहे. खोली फर्स्ट फ्लोअरवरच हवी, दुसरी चालणार नाही."

"म्हणजे कुठली?" अण्णा.

"माडीवरची. तळमजला तो ग्राउंड फ्लोअर, त्याच्या वरचा फर्स्ट."

आई चुलीपुढून ओरडली, "गुडघा मोडला त्यास माडी कशास रे? कैसा चढेल तो?"

"आई, लिहिलंय ते लिहिलंय! डॉक्टरने वरची हवा सांगितली असेल."

झालं! आईच्या लोणच्याच्या बरण्या खाली आल्या, खाट आणि मेज वर गेलं. बायको हळूच म्हणाली, "एकदा तार करून विचारा ना." इंग्रजीच्या मास्तराने इंग्रजीचा अर्थ विचारायचा?

दोरै आला. हातात दोन काठ्या, आणि बैलगाडी एका अंगाला कलंडेल असा देह! आमचा जिना तर इतका अरुंद की आईसुद्धा तिरकी होऊन चढते. दोरैने जिन्याकडे पाहिलंही नाही. ओट्यावरच्या खुर्चीत बसून तो घाम पुसू लागला.

"आता रे?" अण्णा कुजबुजला.

माडीच्या खिडकीवर कप्पी होती. इन्नंबूरच्या आमच्या शेतावरून भाताची पोती आली की तिनेच वर चढवायचो. ती आठवली कुणाला? मला!

खुर्ची चारही बाजूंनी आवळली, दोरैच्या पोटाला अण्णाचं धोतर बांधलं. मी अदबीने म्हणालो, "आता आपल्याला वर नेतो."

"वर? ही इथली रीत का?"

"खास पाहुण्यांसाठी!" (खोटं नव्हतं. एवढा खास पाहुणा आम्हाला कधी आलाच नव्हता.)

दोरैला पाहायला दारासुरमहून आलेले सहा विणकर दोरखंडाला लागले. "ऐलसा! ऐलसा!" सगळी गल्ली गोळा झाली. दोरै टोपी हलवत वर निघाला. दाराच्या चौकटीवर पोचला आणि कप्पी अडकली! दोरै जागच्या जागी गोल फिरू लागला. एकदा तोंड देवळाकडे, एकदा आमच्याकडे.

आमच्याकडे आलं तेव्हा तो ओरडला, "मास्तर, समारंभ झकास आहे! पण मला फर्स्ट फ्लोअर हवा होता!"

"धीर धरा! चार हातच राहिलाय!"

दोरै देवळाकडे फिरून परत आला. "राहिलाय? तो तर मघाशी खाली सोडला!"

अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, हे सहा वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मला एका लटकत्या माणसाकडून कळलं. तेही भर गल्लीत!

"काय म्हणतोय तो?" अण्णाने विचारलं.

"खाली घ्या म्हणतोय."

"कुठं?"

"होता तिथंच."

अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. "गेलं रेशीम!" पण दोरै इतका हसत होता की खुर्ची पुन्हा फिरायला लागली. खाली उतरल्यावर त्याने आईच्या हातची कॉफी दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दारासुरमला जाऊन माल पसंत केला.

काही महिन्यांनी त्याची मागणी आली. वेस्टसाठी रेशीम हवं होतं. मी तत्परतेने म्हणालो, "वेस्ट म्हणजे गंजी. बघ अण्णा, तिकडे गंज्यासुद्धा रेशमाच्या!"

अण्णाने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "तू अर्थ सांगू नको. त्यास लिही, चित्र पाठव."

चित्र आलं. कोटाच्या आत घालायचं, बटणांचं जाकीट!

तेव्हापासून अण्णाचा अमेरिकेशी व्यवहार चित्रांतच चालतो. माझ्याकडे फक्त पाकिटावर पत्ता लिहायचं काम उरलंय. तोही अण्णा पोस्टमास्तरांकडून तपासून घेतो!