राहीबाईनं लुटलेली पुस्तकं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून काय लुटतात? साबणाची डबी, स्टीलची वाटी, फार तर कंगवा. आमची राहीबाई पुस्तकं लुटायची. तिच्या दारातून बाहेर पडल्या की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मेल्यांनो, निदान जिना तरी उतरा!

आम्ही कोपरखैरण्यात शेजारी शेजारी राहायचो. माणसं साताऱ्याकडची. तिचा नवरा भैरू फळबाजारात माथाडी होता. तिथं पेट्यांच्या तळाशी घालायला रद्दी यायची, त्या ढिगातून तो बायकोसाठी पुस्तकं उपसून आणायचा. कुणाला कव्हर नाही, कुणाला पहिली पानं नाहीत, नावाचा तर पत्ताच नाही. पोरबाळ नव्हतं तिला. स्वयंपाक उरकला की बाई पुस्तक घेऊन खिडकीत. वर्षभरात जी जिवाला लागतील ती ती बाजूला ठेवायची, पानं सुटू नयेत म्हणून लाल दोऱ्यानं बांधायची आणि संक्रांतीला एकेकीच्या हातात द्यायची. "हे तुला आवडंल बघ," असं वर सांगायची.

"अगं, कोण वाचतंय?" मी एकदा तोंडावरच म्हटलं. "माझं तर टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली घातलंय."

ती हसली नाही. म्हणाली, "गोजरा, वाचताना रडू येतं गं. एकटीनं रडायचा कंटाळा आलाय. एकीनं तरी वाचावं, माझ्यापाशी बसून त्यावर बोलावं. बास."

शहाण्णव साली तिनं सगळ्यात लाडकं पुस्तक उत्कर्षावहिनींना दिलं. वहिनी बेलापूरला हापिसात, शिकलेल्या. गोष्ट एका सुईणीची होती. अख्ख्या गावाची बाळंतपणं करते, हिची कूस मात्र रिकामी. शेवटची पानं फाटून गेलेली. तिला कुणी आई म्हणतं की नाही, ते राहीबाईला कळलंच नव्हतं. वहिनींना काय वाटतं ते विचारायचं, एवढीच तिची आस.

दिवाळीच्या तोंडावर पिठाच्या गिरणीत वहिनी भेटल्या. "राहीबाई, वाचलं हो तुमचं पुस्तक. काय सुंदर! हळदीकुंकवाला या, निवांत बोलू."

झालं! बाईला आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी भैरूला शिरा करून घातला. पुढं मला रोज तेच. हे विचारू का गोजरा, ते विचारू का? मी म्हणायची, विचार बाई, पण आता मला भाकरी थापू दे.

रथसप्तमीला वहिनींकडं गेलो. राहीबाई ठेवणीतली साडी नेसली होती. खोली बायकांनी भरलेली, बोलायला कुणाला सवड नाही. ती भिंतीला लागून उभी राहिली. गर्दी सरली की बोलू म्हणाली.

तेवढ्यात वाण म्हणून आणलेल्या वाट्या संपल्या. वहिनी आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्या हसत बाहेर आल्या. "राहीबाई, तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलंय हं. तुम्हाला वाचायची आवड ना!"

तेच पुस्तक. वर लाल दोरा. गाठसुद्धा राहीबाईचीच, जशीच्या तशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तोच तिनं माझं मनगट दाबलं. मग हळूच विचारलं, "वहिनी, शेवट कसा हाय हो ह्याचा?"

"गोड आहे. सगळं चांगलं होतं," वहिनी म्हणाल्या आणि दुसरीला कुंकू लावायला वळल्या.

घरापर्यंत राहीबाई माझ्यापुढं झपझप चालत राहिली. पुस्तक तिनं पदराखाली धरलं होतं.

पुढच्या संक्रांतीला तिनं चहाच्या गाळण्या लुटल्या. बायका खूश! "राहीबाई, यंदा कामाचं वाण दिलंत!" उत्कर्षावहिनींनी तर गाळणी उजेडात धरून जाळी तपासली. भैरूनं पुस्तकं आणणं कधीच थांबवलं होतं. तिनंच नको म्हटलं.

सगळ्या गेल्यावर मी मागं थांबले. मला वाचनाचं वावडं, पण त्या दिवशी राहवलं नाही.

"राहीबाई, त्या सुईणीचं पुढं काय झालं असंल गं?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"काय व्हायचंय? मेली असंल तशीच," म्हणाली आणि उरलेल्या गाळणीनं माझ्यासाठी चहा गाळू लागली.